पडद्यावरचे मूल कोणाचे?

मुलांच्या हातातील मोबाइल हा सध्या मराठी मध्यमवर्गाच्या चिंतेचा आवडता विषय झाला आहे. रविवारच्या पुरवण्यांतून, पालकसभांतून, बालसाहित्याच्या व्यासपीठांवरून एकच सूर ऐकू येतो. मुले वाचत नाहीत, मैदानावर जात नाहीत, आजीच्या गोष्टी ऐकत नाहीत. यंत्राने त्यांचे बालपण हिरावून घेतले. या चिंतेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु या तक्रारीतील एकेका शब्दाला थांबवून प्रश्न विचारावासा वाटतो. कोणते पुस्तक? कोणाचे मैदान? आणि कोणाची आजी? आमच्या वस्तीतली आजी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदायला जात होती. संध्याकाळी ती परतली की चुलीपुढे बसायची, आणि गोष्ट सांगितलीच तर दुष्काळाची सांगायची. ज्या बालपणाच्या हरवण्याचा हा शोक चालला आहे, ते बालपण आमच्याकडे होते केव्हा?

दुसरीकडे आमच्याच चळवळीतील काही मित्र या यंत्रावर फार भाळले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, मोबाइलने पुरोहिताची आणि संपादकाची मक्तेदारी मोडली. बाबासाहेबांचे खंड कोणीही घरबसल्या मोफत वाचू शकतो, वामनदादांची गाणी खेड्यातल्या पोराच्या खिशात पोहोचली, ज्याला कोणी छापत नव्हते तो आज स्वतःच बोलतो. हेही खोटे नाही. पण यंत्र हाती आले म्हणजे सत्ता हाती आली, असे मानण्याचा भाबडेपणा आपण किती वेळा करणार? २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला, आणि त्याच्या फोनवर वाजलेले बाबासाहेबांवरील गाणे त्याचे निमित्त ठरल्याचे त्या वेळच्या बातम्यांत सांगितले गेले. फोन त्याचा होता, गाणे त्याचे होते. पण रस्ता कोणाचा होता? यंत्र जातिव्यवस्थेच्या बाहेर कोठे अधांतरी लटकत नसते. ते गावात येते आणि गावासारखे होते.

या दोन्ही भूमिका मला अपुऱ्या वाटतात, कारण दोन्ही यंत्राविषयी बोलतात आणि मुलाविषयी बोलत नाहीत. माझ्या मते मुलांच्या माध्यमांची समीक्षा करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पडद्यावर दिसणारे मूल कोणाचे आहे? पडद्यापुढे बसलेल्या मुलापर्यंत हे यंत्र कोणत्या अटींवर पोहोचते? आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हे मूल त्या यंत्रातून काही बोलू शकते, की केवळ बघत राहते?

१

हे प्रश्न नाशिकमध्ये बसून विचारण्याला अर्थ आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके जवळच्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवल्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि पुढची अनेक चित्रे येथेच काढली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचे काम त्यांनी आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला दिले. या देशाच्या पडद्यावर मुलाने मध्यवर्ती भूमिका केल्याचे हे फार आरंभीचे उदाहरण आहे. मुलगी कृष्ण झाली हे त्या काळाच्या मानाने धाडसच म्हणावे लागेल, आणि त्याचे श्रेय फाळक्यांना दिले पाहिजे. पण मध्यवर्ती भूमिकेत पडद्यावर आलेले हे मूल देव होते हे विसरता येत नाही. ते खोड्या करते, लोणी चोरते, आणि शेवटी डोहात उडी घेऊन काळ्या नागाच्या डोक्यावर नाचते. खोडकर असण्याचा अधिकार आणि शत्रूला ठेचण्याचा अधिकार, दोन्ही त्याला जन्माने मिळाले आहेत.

‘कालिया मर्दन’ पडद्यावर आला त्यानंतरच्या जानेवारीत, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. मूकपटाच्या काळातले ते मुक्यांचे पत्र. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या देवाचे बालपण शहराने पडद्यावर कौतुकाने पाहिले होते, त्याच्याच दुसऱ्या अवताराच्या दारात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे उभी राहिली आणि त्यांना आत घेतले गेले नाही. त्या माणसांनाही मुले होती. आईच्या कडेवर, बापाच्या खांद्यावर ती मुले पंचवटीत आली असतील. त्यांचे चित्र कोणी काढले?

तिसरे मूलही नाशिकशी बांधलेले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंगाच्या भिंतीबाहेर मंदिरप्रवेशाचा लढा अजून मिटलेला नव्हता. मराठी बालमनावर या पुस्तकाइतका संस्कार दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने केला नसेल. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. या पुस्तकात एक प्रसंग आहे. मोळी उचलता न येणाऱ्या अस्पृश्य म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठवते. हेतू निर्मळ आहे, आणि त्याबद्दल शंका घेण्याचा अधिकार मला नाही. ज्या माणसाने १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्याच्या हेतूवर बोट ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण वाचक म्हणून मी कोठे उभा राहायचे? त्या म्हातारीच्या घरीही नातू असेल. मोळी विकून आलेल्या पैशांवर तो जेवत असेल. ती गोष्ट श्यामच्या मनाच्या मोठेपणाची आहे, त्याच्या आईच्या संस्काराची आहे. म्हातारी त्या मोठेपणाचे निमित्त आहे. शाळेत हा धडा वाचताना आमच्या वर्गातल्या काही मुलांना श्याम होणे सोपे होते, आणि काही मुलांना आपण मोळीच्या बाजूला आहोत हे कोणी न सांगता समजत होते. करुणेचा विषय होणे आणि गोष्टीचा नायक होणे यांत फार अंतर आहे. आपल्या बालवाङ्मयाने आम्हाला, जागा दिलीच तेव्हा, पहिली जागा दिली.

२

माझ्या पिढीचे बालपण पुस्तकात गेले नाही, दूरदर्शनपुढे गेले. मी नाशिकच्या एका वस्तीत वाढलो. आमच्या घरी संच नव्हता. रविवारी दुपारी ‘शक्तिमान’ पाहण्यासाठी आम्ही पोरे ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या उंबऱ्याशी बसत असू. काही घरांत आत बसू देत, काही घरांत दारातूनच पाहावे लागे. चप्पल कोठे काढायची हे प्रत्येकाला न सांगता ठाऊक असे. १९९७ पासून काही वर्षे या मालिकेने देशातल्या मुलांना वेड लावले होते. मोठेपणी तिच्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहिले तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. हा महानायक सामान्य माणसाच्या रूपात वावरतो तेव्हा त्याचे नाव असते पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. त्याची शक्ती योगसाधनेतून आणि कुंडलिनीतून येते. विनोदासाठी घेतलेले हे लांबलचक नावसुद्धा किती सहजपणे एका जातीचे आहे! ‘सामान्य माणूस’ म्हटले की शास्त्री आडनाव डोळ्यांपुढे येते, आणि ते कोणाला खटकत नाही. प्रभुत्व ते हेच. ज्याला आपली बाजू मांडण्याची गरजच पडत नाही, तेच खरे प्रभुत्व.

माझ्यानंतरच्या पिढीचा नायक आहे ‘छोटा भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेने २००८ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती पोगो वाहिनीवरून घराघरांत पोहोचली. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, राख्या, सगळीकडे भीम आला. परदेशी व्यंगपटांच्या गर्दीत देशी पात्रांनी जागा मिळवली याचे कौतुक झाले, आणि उद्योग म्हणून ते रास्तही होते. पण ढोलकपूर नावाच्या त्या गावात एकदा आपल्या डोळ्यांनी फिरून यावे. वर राजा इंद्रवर्मा, त्याची राजकुमारी इंदुमती. खाली लाडू करणाऱ्या बाईची मुलगी चुटकी. मध्ये धोतर नेसलेला, बलदंड, लाडू खाऊन बळ मिळवणारा भीम. आणि त्याच्याशी सदैव स्पर्धा करणारा, मत्सरी, दांडगाई करणारा, शेवटी फजित होणारा मुलगा. त्याचे नाव काय? कालिया.

१९१९ मधल्या कालियाची ही पुढची आवृत्ती आहे असे मी म्हणत नाही. कोणी बसून कट रचला असेल असेही मला वाटत नाही. म्हणूनच तर ते अधिक गंभीर आहे. जवळजवळ नव्वद वर्षांच्या अंतराने, यंत्र बदलले, तंत्र बदलले, हाताने फिरवण्याच्या कॅमेऱ्याची जागा संगणकाने घेतली. तरीही वाईट मुलाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा हाताशी आले ते काळ्या रंगाचेच नाव. ते कोणाला शोधावे लागले नाही. ते आपल्या भाषेत, आपल्या शिव्यांत, लग्नाच्या जाहिरातींत तयार पडलेले होते. सावळ्या रंगाचे मूल वर्गात आले की त्याला ‘कालिया’ म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. ती दुष्ट मुले नव्हती. ती फक्त पाहिलेले परत म्हणत होती.

भीम या नावाचेही असेच. नाशिकजवळच्या डोंगरातली लेणी बौद्ध आहेत. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळचे शिलालेख तेथे आहेत, चैत्य आहे, विहार आहेत, भिक्खूंना दिलेल्या दानांच्या नोंदी दगडात कोरलेल्या आहेत. शिलालेखांतल्या त्रिरश्मी या नावाने आपण आज त्या डोंगराला ओळखतो. पण शहराच्या तोंडी नाव काय? पांडवलेणी. पायथ्याशी एकीकडे फाळके स्मारक आहे, शेजारी बुद्ध विहार आहे. सहलीला आलेल्या मुलांना ही लेणी कोणी खोदली असे विचारून पाहावे. बरीचशी मुले सांगतील, पांडवांनी, आणि त्यातली लहान मुले सांगतील, भीमाने. गदा घेतलेला तो व्यंगपटातला भीमच त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. नाव बदलले की इतिहासाचा मालक बदलतो. हे काम पूर्वी पुराणिक करीत असे, आज ते रंगीत पडदा करतो, आणि मुलाला ‘भीम’ म्हटल्यावर चवदार तळ्याचा भीमराव आठवावा यासाठी घरालाच जागे राहावे लागते.

३

आता दुसरा प्रश्न, अटींचा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. शाळा बंद असली तरी शिक्षण चालू आहे असे आपल्याला सांगण्यात आले. कोणाचे चालू होते? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ मध्येच दाखवून दिले होते की, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. संगणक तर खेड्यांत शंभरातल्या चार-पाच घरांत. हे आकडे हाताशी असताना निर्णय घेतला गेला. मधल्या काळात स्वस्त डेटामुळे फोन वाढले हे खरे, पण फोन घरात असणे आणि फोन मुलाच्या हातात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बाप फोन बरोबर घेऊन जातो, कारण ठेकेदाराचा निरोप त्याच फोनवर येतो. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत डिपिंगला जाणाऱ्या आईकडे असलाच तर साधा फोन असतो. उरलेल्या वेळेत जो फोन मिळतो तो आधी मुलाला मिळतो, मग मुलीला. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली त्या दोन वर्षांत हजेरीपटावर होत्या आणि वर्गात नव्हत्या. त्यांपैकी काही नंतर आल्याच नाहीत. त्यांची लग्ने झाली होती.

या काळात एक गोष्ट चांगली घडली, तिची नोंद केली पाहिजे. २०२० च्या जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. तिला रिचार्ज लागत नव्हता. जुने, सार्वजनिक, सर्वांना दिसणारे माध्यम अशा वेळी उपयोगी पडले, आणि नवे, खासगी, महागडे माध्यम निवडक मुलांपुरते राहिले, हा धडा आपण शिकलो का? ‘किशोर’ मासिकाचेही हेच. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता कोणालाही मोफत वाचता येतात. शासनाने ठरवले तर तंत्रज्ञान सार्वजनिक तळ्यासारखे होऊ शकते. पण तळे खुले ठेवायचे की त्याच्या काठावर तिकीट लावायचे, हा राजकीय निर्णय आहे. या देशात तळ्याच्या पाण्यासाठी महाडला जावे लागले होते, हे निदान या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

तिकीट लावणारे आले तेही आपण पाहिले. शिकवणीची ॲप विकणाऱ्या कंपन्यांनी ‘तुमचे मूल मागे पडेल’ ही भीती हप्त्याने विकली. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घराला ही भीती सर्वांत आधी लागते, कारण आपले मूल नेमके कोठे आहे हे मोजण्याचे साधन त्या घराकडे नसते. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला विक्रीच्या पद्धतींबाबतच्या तक्रारींवरून बोलावणे धाडले, आणि २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. कंपनी बुडाली तर गुंतवणूकदाराची रक्कम बुडते, तिची बातमी होते. मुलाची वर्षे बुडतात, त्यांची बातमी होत नाही.

फुकट मिळते तेही फुकट नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून १७ कोटी डॉलर भरायचे मान्य केले. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली, मुलांना हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना मनाई केली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा स्वागतार्ह आहे. पण संमती देणारा हा पालक कोण आहे, याचा विचार कायदा लिहिणाऱ्याने केला आहे काय? आमच्या वस्तीत फोन चालू करून देणारे, पासवर्ड ठेवणारे, कोठे ‘होय’ दाबायचे ते सांगणारे मूलच असते. आई त्याला विचारते, “बाळा, हे काय मागतंय?” जेथे मूल पालकाला वाचून दाखवते, तेथे पालकाच्या संमतीचा अर्थ काय उरतो? पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जाई. आता काचेवर घेतला जातो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली, तशी येथेही करावी अशी मागणी आता होऊ लागली आहे. बंदीने काही मुले वाचतीलही. परंतु ज्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, आई कामावर असते, शेजारी मैदान नाही आणि वाचनालय नाही, त्या घरात फोन काढून घेतल्यावर मुलाच्या हातात काय द्यायचे याचे उत्तर बंदीची मागणी करणाऱ्याने दिले पाहिजे. पर्याय न देता केलेली बंदी हीदेखील एक प्रकारची उपदेशगिरीच आहे.

४

इथवर मी इतरांकडे बोट दाखवले. आता आपल्याकडे पाहू.

दलित साहित्याने मराठीला काय दिले, तर प्रथम मूल दिले. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘जिणं आमुचं’ (१९८६), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४), ‘आयदान’ (२००३), या पुस्तकांची पाने उघडली की भुकेले, धावणारे, शाळेच्या दाराशी ताटकळणारे, लाजणारे, चिडणारे, हसणारे मूल समोर येते. मराठी साहित्यात एवढे खरे मूल त्यापूर्वी क्वचितच आले होते. आणि तरीही यांतले एकही पुस्तक मुलासाठी लिहिलेले नाही. ती लिहिली गेली प्रौढ वाचकासाठी, पुष्कळदा सवर्ण वाचकाच्या सदसद्विवेकाला उद्देशून. त्या काळी ते आवश्यक होते. पण आज चाळीस-पन्नास वर्षांनंतर आमच्या वस्तीतले आठ-दहा वर्षांचे मूल विचारते, माझ्यासारख्याची गोष्ट कोठे आहे? तेव्हा आपण त्याच्यापुढे काय ठेवतो? जयंतीच्या स्टॉलवरची एक पातळ चरित्रपुस्तिका, ज्यात बाबासाहेब पहिल्या पानावर जन्मतात आणि तिसऱ्या पानावर बॅरिस्टर होतात.

बाहेरच्यांनी आपले चित्र काढले तेही पाहावे. अमर चित्र कथेने १९६७ पासून देव, राजे आणि ऋषी काढले. बाबासाहेब आले १९७९ मध्ये. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेले ‘भीमायन’ २०११ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर वाखाणले गेले. पण नाशिकच्या वस्तीतल्या मुलापर्यंत इंग्रजी पुस्तक किती पोहोचणार? २०१९ मध्ये दोन मालिका आल्या, स्टार प्रवाहवर मराठीत आणि अँड टीव्हीवर हिंदीत. हिंदी मालिकेने तर बाल भीमरावालाच नायक केले. घराघरांत लोकांनी ती श्रद्धेने पाहिली, आणि आपल्या बाबांना पडद्यावर पाहताना म्हाताऱ्या बायांनी हात जोडले, हे मी पाहिले आहे. त्या भावनेचा मला आदर आहे. पण समीक्षक म्हणून एक हरकत नोंदवतो. या मालिकेतला भीमराव जन्मतःच महानायक आहे. तो मोठ्यांना निरुत्तर करतो, अन्यायाचा निकाल लावतो. बाळकृष्णाचा साचा तोच आहे, फक्त आत आपला माणूस बसवला आहे. देवत्व नाकारणाऱ्या महापुरुषाचे बालपण देवत्वाच्या साच्यात ओतले, की मुलाला काय शिकायला मिळते? पूजा.

याउलट बाबासाहेबांनी स्वतः आपले बालपण कसे सांगितले आहे? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ते सांगतात त्या प्रवासात नवी टोपी आणि चांगले कपडे घातलेली भावंडे वडिलांना भेटायला आगगाडीने निघतात. मसूर स्टेशनावर कोणी न्यायला येत नाही. स्टेशनमास्तरला जात कळताच तो मागे सरतो. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते, पण गाडीवान गाडीत बसत नाही. मुलांनाच ती हाकावी लागते. जेवण बरोबर आहे, पण पाणी मिळत नाही म्हणून ते खाता येत नाही. येथे भीमराव कोणालाही निरुत्तर करीत नाही. तो तहानलेला आहे, घाबरलेला आहे, आणि त्याला हे का घडते ते समजून घ्यायचे आहे. आमच्या मुलांना हा भीमराव हवा आहे. महानायकाला नमस्कार करता येतो. तहानलेल्या मुलाशी मैत्री करता येते.

अशी मैत्री पडद्यावर शक्य आहे हे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (२०१४) दाखवले. जब्या नावाचा कैकाडी मुलगा, त्याला जीन्स हवी आहे, गोरेपण हवे आहे, वर्गातली मुलगी आवडते. गावाची हुकूमत म्हणून त्याच्या घरादाराला डुकरामागे पळावे लागते आणि गाव तमाशा पाहते. त्या बघ्यांच्या हातात मोबाइलही आहेत. मारलेले डुकर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि भिंतीवर बाबासाहेबांसह महापुरुषांची चित्रे आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाकडे येतो. भारतीय पडद्यावर मुले पुष्कळ झाली, पण पाहणाऱ्याकडे उलटून पाहणारे मूल यापूर्वी किती झाले? मात्र ‘फँड्री’ हाही मुलांचा चित्रपट नव्हे. जब्याच्या वयाच्या मुलाने तो पाहिल्यावर त्या दगडानंतर काय, हे त्याच्याशी बोलायला कोणीतरी शेजारी बसलेले हवे. ते काम चित्रपटाचे नाही, आपले आहे.

५

तिसरा प्रश्न राहिला. मूल बोलते की बघत राहते?

याचे उत्तर आपल्याकडे १८५५ पासून आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. त्या काळी छापखाना हे नवे यंत्र होते. आजच्या मोबाइलहून त्याची नवलाई कमी नव्हती. त्या यंत्राने धार्मिक पोथ्याही छापल्या, पंचांगेही छापली. पण एका मुलीच्या हाती ते काही पाने लागले, आणि तिने धर्माला जाब विचारला, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख सांगितले. त्या निबंधाआधी तीन वर्षांचे शिक्षण होते, एक शिक्षिका होती, एक शिक्षक होता, आणि छापायला तयार असलेला एक संपादक होता. केवळ यंत्राने मुक्ता घडली नाही. यंत्र आणि मूल यांच्या मध्ये माणसे उभी होती.

म्हणून मला वाटते, आपल्या चळवळीने मोबाइलविषयी नुसती चिंता किंवा नुसते कौतुक करण्याऐवजी यंत्र आणि मूल यांच्या मध्ये उभे राहायला शिकावे. एकेकाळी आपण हे केलेले आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचे रूप घेतले आणि त्यातला गण-गवळणीचा देव बाजूला सारून तेथे विचार आणला. रूप लोकांचे, आशय आपला. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम पुण्याहून सुरू झाले, त्यात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि आज त्यांतल्या अनेक आवाजासह इंटरनेटवर ऐकता येतात. बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत. लिहिता न येणाऱ्या बाईचा आवाज यंत्राने जपला, कारण कोणीतरी तिच्या दारात जाऊन बसले होते.

आमच्या विहारांतून रविवारी मुले जमतात. वंदना होते, खाऊ होतो, मुले घरी जातात. तेथे एक फोन मध्ये ठेवावा आणि मुलांनी आपापल्या आजीला प्रश्न विचारून तिचे उत्तर नोंदवून आणावे. तू शाळेत का गेली नाहीस? पाणी कोठून आणत होतीस? १९५६ ला तुझे आईबाप नागपूरला गेले होते का? जी आजी गोष्टी सांगत नाही म्हणून मध्यमवर्ग हळहळतो, ती आमची आजी बोलू लागेल, कारण तिला प्रथमच कोणी विचारले असेल. लेखकांनी आत्मकथनांतली प्रकरणे मुलांसाठी पुन्हा लिहावीत, सोप्या मराठीत, अहिराणीत, आणि चित्रकारांनी ती चितारावीत. शिक्षकांनी मुलांबरोबर व्यंगपट पाहावा आणि पाहून झाल्यावर विचारावे : यातल्या वाईट मुलाचे नाव असे का? लाडू कोण करते आणि कोण खाते? लेण्यांच्या सहलीला मुलांकडून शिलालेखातले दात्यांचे व्यवसाय मोजून घ्यावेत. हे सारे आजच करता येते. याला अनुदान लागत नाही.

आणि शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी. वस्तीत वाचनालय, शाळेत ग्रंथपाल, सार्वजनिक वाहिनीवर मुलांसाठी मराठीत रोजचा तास, आणि त्या तासात बोलायला वस्तीतली मुले. फुकट टॅबलेट वाटण्याच्या घोषणांना टाळ्या वाजवणे आता थांबवावे. वाटलेले यंत्र वर्षभरात बंद पडते; शिकवलेला प्रश्न बंद पडत नाही.

प्रस्थापितांच्या मुलांना पडद्यावर स्वतःचा चेहरा इतका दिसला आहे की त्यांच्या आईबापांना आता पडद्याचाच कंटाळा आला आहे. त्यांनी जरूर पडदा मिटावा. आमच्या मुलांनी अजून त्यात स्वतःला पाहिलेले नाही. त्यांना आधी पाहू द्या, आणि त्याहून आधी बोलू द्या.